पहाटेचे तास कोणाच्या खात्यावर?

मराठी सुशिक्षित मध्यमवर्गाच्या देव्हाऱ्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवे दैवत येऊन बसले आहे. हा गृहस्थ पुण्या-मुंबईतील एखाद्या संगणक कंपनीत किंवा बँकेत वरच्या हुद्द्यावर असतो. पहाटे चारला उठतो, उजाडण्यापूर्वी दोन तास सायकल चालवतो किंवा तलावात पोहतो, नऊच्या ठोक्याला कचेरीत हजर होतो, रात्री मुलांचा अभ्यास घेतो आणि वर्षातून एकदा गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा परदेशात जाऊन ट्रायथलॉन नावाची त्रिविध शर्यत पुरी करून, गळ्यात पदक घालून परततो. मग त्याच्या मुलाखती येतात, कंपनीच्या सभागृहात व्याख्यान होते आणि सर्वत्र एकच उपदेश ऐकू येतो: वेळ सर्वांना सारखाच मिळालेला आहे, दिवस सर्वांचा चोवीस तासांचाच आहे, नोकरी, संसार आणि सराव यांचा समतोल साधणे ही केवळ शिस्तीची आणि इच्छाशक्तीची बाब आहे.

हा उपदेश दिसतो तितका निरुपद्रवी नाही. जो माणूस समुद्रात पोहतो, डोंगरावर सायकल चढवतो आणि नंतर उन्हात धावतो, त्याच्याशी कोणाही समाजवाद्याचे भांडण असण्याचे कारण नाही. मानवी शरीराच्या सामर्थ्याचा असा विकास ही आनंदाचीच गोष्ट होय. भांडण आहे ते त्या शर्यतीतून काढल्या जाणाऱ्या नीतिपाठाशी. कारण ‘वेळ सर्वांना सारखाच’ हे वाक्य ‘बाजारात सर्वांना सारखेच स्वातंत्र्य’ या जुन्या वाक्याचे सख्खे भावंड आहे. पैशाची विषमता झाकण्यासाठी जे तत्त्वज्ञान वापरले गेले, तेच आता वेळेची विषमता झाकण्यासाठी वापरले जात आहे. आणि ज्या काळात कष्टकऱ्याचा कामाचा दिवस कायद्यानेच लांबविण्याचा घाट घातला जात आहे, त्या काळात हे झाकण उघडून पाहणे आवश्यक झाले आहे.

शर्यतीची कुळकथा

या खेळाचा इतिहास या संदर्भात मोठा बोलका आहे. आधुनिक ट्रायथलॉन म्हणून ओळखली जाणारी पहिली शर्यत अमेरिकेत सॅन डिएगो येथील मिशन बे परिसरात २५ सप्टेंबर १९७४ रोजी झाली. तो दिवस बुधवार होता आणि शर्यतीची वेळ होती संध्याकाळी पावणेसहाची. म्हणजे कामाचा दिवस संपवून, कचेरी व दुकान बंद करून लोक तेथे आले होते. धावणे सुमारे सहा मैल, सायकल पाच मैल आणि पोहणे जेमतेम पाचशे यार्ड. एकूण ४६ जणांनी भाग घेतला. सायकल ज्याने त्याने घरून आणावयाची होती. मागे पडलेल्यांसाठी शेवटी मोटारींचे दिवे लावून उजेड करावा लागला. या खेळाचा जन्म झाला तो असा: आठ तासांच्या कामानंतर उरलेल्या संध्याकाळी, शेजारपाजारच्या माणसांच्या संगतीत.

त्या शर्यतीत भाग घेतलेल्या जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नौदलातील दांपत्याने पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे ‘आयर्नमॅन’ ही दीर्घ शर्यत घडवून आणली: सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली. पहिला आला गॉर्डन हॅलर. त्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला आणि त्याचा व्यवसाय टॅक्सी चालविण्याचा होता.

पुढे काय झाले? ज्या नावामागे एका संध्याकाळची हौस होती, ते नाव बाजारात विकावयाचा माल झाले. २०१५ साली चीनमधील वांडा या बड्या उद्योगसमूहाने ‘आयर्नमॅन’ची मालकी असलेली कंपनी ६५ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०२० साली अमेरिकेतील न्यूहाऊस कुटुंबाच्या ‘अॅडव्हान्स’ कंपनीने एका गुंतवणूकदार संस्थेच्या साथीने तिचा धंदा ७३ कोटी डॉलरना खरेदी केला. याच नाममुद्रेची निम्म्या अंतराची शर्यत, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, २०१९ साली प्रथम पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भरली आणि मराठी मध्यमवर्गाच्या दारात येऊन पोहोचली. घरून आणलेल्या सायकलीची जागा लाखांत किंमत असलेल्या कार्बनच्या सायकलीने घेतली. शेजाऱ्याची जागा पगारी प्रशिक्षकाने घेतली. आणि टॅक्सीचालकाची जागा? ती रिकामीच राहिली. मुंबईचा टॅक्सीचालक या शर्यतीत का दिसत नाही, एवढा साधा प्रश्न जर समतोलाच्या उपदेशकांनी स्वतःला विचारला, तर त्यांचे अर्धे तत्त्वज्ञान कोसळून पडेल.

१६८ तासांचा जमाखर्च

नीतीचा विषय क्षणभर बाजूस ठेवून केवळ हिशेब मांडला तर काय दिसते? आठवड्याचे तास १६८. निम्म्या अंतराच्या शर्यतीची तयारी म्हणजे आठवड्याला आठ-दहा तास, आणि पूर्ण अंतराची म्हणजे दहा ते पंधरा तास, हे या खेळातील सर्वमान्य गणित आहे. आता उदाहरणादाखल बदलापूर किंवा विरार येथे राहून मुंबईत सहा दिवस नोकरी करणारा कामगार घ्यावा. शरीर कष्टविणाऱ्याला आठ तास झोप हवीच. तिचे ५६ तास गेले. कायद्याने मान्य केलेले ४८ तास काम आणि रोजची अर्ध्या तासाची जेवणाची सुटी धरून ५१ गेले. जाण्यायेण्याचे रोज तीन तास, म्हणजे १८ गेले. आंघोळ, जेवणखाण, कपडालत्ता यांना रोज दोन तास धरले तर आणखी १४ गेले. उरले २९.

येथपर्यंत स्त्री आणि पुरुष यांचा हिशेब सारखा आहे. यापुढे तो फाटतो. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते, तर असे काम करणारा पुरुष ८८ मिनिटे. आठवड्याला हे पुरुषाचे सुमारे १० तास होतात, स्त्रीचे जवळजवळ ३४. म्हणजे पुरुषाच्या हाती १८-१९ तास उरतात. त्यांत मुले, म्हातारे आईवडील, रेशन, दवाखाना, आजार, पाहुणे हे सारे यावयाचे. स्त्रीच्या खात्यात मात्र उणे पाच तास दिसतात. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याचे घरकाम या सरासरीपेक्षा कमी असेल हे मान्य करून ते रोज साडेतीन तास धरले, तरी तिच्या हाती आठवड्याला साडेचार तास राहतात. साडेचार तासांत त्रिविध शर्यतीची तयारी होत नाही. साडेचार तासांत धड वर्तमानपत्रही वाचून होत नाही.

समतोलाचे उपदेशक या जमाखर्चातला कोणता आकडा इच्छाशक्तीने बदलून दाखविणार आहेत? लोकल गाडी इच्छाशक्तीने लवकर पोहोचत नाही. कारखान्याचा भोंगा इच्छाशक्तीने अलीकडे वाजत नाही. राहता राहिली झोप. व्याख्यानांतून जिचा गौरव होतो ती ‘पहाटे चारची शिस्त’ बहुतेक वेळा झोपेतून केलेली कपात असते. पगारदार माणसाने मालकाच्या वेळेला हात लावावयाचा नाही, बाजाराच्या वेळेला हात लावावयाचा नाही; हात लावावयाचा तो स्वतःच्या देहाच्या विश्रांतीला, आणि त्याला म्हणावयाचे आरोग्य! रात्री अकरापर्यंत परदेशी गिऱ्हाइकाशी दूरध्वनीवर बोलावयास लावणारी कंपनीच सकाळी आपल्या कर्मचाऱ्यांच्या शर्यतीचा प्रवेशशुल्क भरते आणि वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र छापते, यातील ढोंग ओळखण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

इच्छाशक्तीचे अर्थशास्त्र

परंतु अर्थशास्त्राला येथे काही सांगावयाचे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कुटुंब ही एक प्रकारची लहानशी उत्पादनसंस्था असून ती बाजारातील वस्तू आणि घरातील माणसांचा वेळ एकत्र करून आपल्या गरजा भागविते. आणि फुरसतीच्या तासाची किंमत म्हणजे त्या तासात बुडालेली मजुरी. बेकर समाजवादी नव्हते. परंतु त्यांच्या चौकटीतूनच एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला परवडते तो वेळ विकत घेतो. स्वयंपाकाला बाई, धुण्याभांड्यांना बाई, मुलांना सांभाळावयास बाई, मोटार चालवावयास माणूस, आणि भाजीपाला दहा मिनिटांत दारात आणून देणारा पोरगा! यांतील प्रत्येकाने दिलेला तास घरमालकाच्या खात्यावर ‘मोकळा वेळ’ म्हणून जमा होतो. अमेरिकेतीलच थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली धनिकांच्या दिखाऊ आळसाचे विच्छेदन केले होते. आज धनिक आळशी राहून प्रतिष्ठा मिळवीत नाही, घाम गाळून मिळवितो. परंतु तो घाम गाळावयास लागणारा वेळ आजही दुसऱ्याच्या घामातूनच येतो.

ज्या पहाटे साहेब सायकल काढतात, त्याच पहाटे त्यांच्या घरी भांडी घासावयास येणारी बाई आपल्या वस्तीतील नळावर हंडे भरत असते. चारला उठणे ही साहेबांची साधना, चारला उठणे ही बाईची सक्ती. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला खरा, परंतु तिच्या कामाचा दिवस किती तासांचा असावा या प्रश्नाला त्याने हात घातला नाही. दारात वस्तू आणणाऱ्या पोराला ‘भागीदार’ असे गोंडस नाव देऊन कामाच्या तासांच्या कायद्याबाहेर ठेवले आहे. तो सायकल किंवा दुचाकी दिवसभर चालवितो. त्याच्या किलोमीटरांची नोंद यंत्र ठेवते. पण त्याच्या गळ्यात कोणी पदक घालत नाही. आणि मराठवाड्यातून साखर कारखान्यांच्या फडात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांमध्ये तर नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. त्या कोयत्यात स्त्रीचे तास वेगळे मोजण्याचीही गरज व्यवस्थेला वाटलेली नाही. उजाडण्यापूर्वी फडात उतरून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरून, रात्री पाचटाच्या कोपीत चूल पेटविणाऱ्या त्या बाईपुढे सहनशक्तीची व्याख्याने देण्याचे धाडस कोणी करील काय?

कष्टकऱ्यांच्या मुलांत सामर्थ्य नाही किंवा जिद्द नाही असे म्हणावयास कोणाची जीभ रेटणार नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावच्या अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. गरीब शेतकरी-कष्टकरी घरातला हा मुलगा सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि तेथे त्याच्यातील धावपटू घडला. सैन्याने त्याला काय दिले? इच्छाशक्ती दिली नाही. ती त्याच्यापाशी होतीच. सैन्याने त्याला नियमित अन्न दिले, प्रशिक्षक दिला आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पगार चालू असताना सरावासाठी वेळ दिला. तोच मुलगा शेतीत किंवा मजुरीत राहिला असता तर त्याची इच्छाशक्ती तीच राहिली असती आणि जगाला त्याचे नाव कळले नसते. आष्टी-पाटोद्याच्या रानांत असे किती साबळे आज ऊस तोडत असतील, याचा हिशेब समतोलाच्या एकाही व्याख्यानात नसतो.

बारा तासांचा दिवस

हा प्रश्न केवळ विचारांच्या पातळीवरचा असता तर त्याची इतकी निकड नव्हती. परंतु वेळेची ही लूट आता कायद्याच्या भाषेत बोलू लागली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांपर्यंत मजल मारली आणि रविवारीही माणसे कामावर आणता येत नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला. वर्तमानपत्रांनी ते विनोदाने घेतले. विनोद संपण्यापूर्वीच, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. कारखान्यांत तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे त्याच वेळी ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या केंद्राच्या श्रमसंहितेत दिवसाला आठ तास असे लिहिलेले आहे. पण जादा कामाची कमाल मर्यादा ठरविणे तिने सरकारी नियमांवर सोपविले आहे. दार पुढून बंद, मागून उघडे!

सरकारचे समर्थन असे की, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला दुप्पट मजुरी आहे आणि त्यासाठी कामगाराची संमती लागते. याही समर्थनाचा हिशेब मांडावा. तिमाहीचे आठवडे तेरा. १४४ तासांना तेराने भागले तर आठवड्याला ११ तास येतात. ४८ आणि ११ मिळून ५९. ब्रिटिश सरकारच्या १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ६० तासांची घातली होती! १९३४ साली ती ५४ वर आली. १९४६ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे असताना, ती ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. शंभर वर्षे चालून कामगार जेथून निघाला होता तेथेच त्याला परत आणून सोडण्याचा हा मार्ग आहे. जुन्या ११५ तासांचा भागाकारही आठवड्याला जवळजवळ ९ तासांचा होता, हे खरे. पण ते काही नव्या मर्यादेचे समर्थन नव्हे, जुन्या मर्यादेवरील आरोपपत्र आहे. आणि संमतीविषयी काय बोलावे? ज्याचे कंत्राट अकरा महिन्यांचे आहे, त्याची संमती म्हणजे मुकादमाने पुढे केलेल्या कागदावरची सही.

वाचकांनी तो ११ चा आकडा लक्षात ठेवावा. त्रिविध शर्यतीच्या तयारीला आठवड्याला लागतात ते एवढेच तास. म्हणजे एका वर्गाला जे अकरा तास पोहण्यासाठी, धावण्यासाठी, शरीर घडविण्यासाठी हवे आहेत, नेमके तेवढेच अकरा तास दुसऱ्या वर्गाच्या शरीरातून यंत्रापाशी काढून घेण्याची कायदेशीर सोय झाली आहे. समतोल हा शब्द वापरावयाचाच असेल तर येथे वापरावा. तराजूच्या दोन पारड्यांत काय आहे हे त्याने स्पष्ट तरी होईल.

शर्यतीत धावणाऱ्या पगारदार वर्गानेही गाफील राहू नये. अधिकारी, व्यवस्थापक अशी पदनामे चिकटवून ज्यांना कामगार कायद्यांच्या बाहेर काढले गेले, त्यांच्या कामाच्या दिवसाला आज कोणतीच मर्यादा उरलेली नाही. आज तो आपली झोप कापून सराव करतो. उद्या ७० तासांचा सल्ला नियम झाला म्हणजे कापावयास झोपही उरणार नाही. त्याचे हित आपल्या घरातील मोलकरणीच्या हिताविरुद्ध नाही. तिच्या आणि त्याच्या दिवसाचा मालक एकच आहे. हे त्याला पटवून देणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे, त्याची टिंगल करणे हे नव्हे.

‘ही तर श्रीमंतांची चैन’

कारण चळवळीतील काही मंडळींचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात, ज्या देशात पोटाचा प्रश्न सुटलेला नाही तेथे पोहण्या-धावण्याच्या फुरसतीची चर्चा ही चैन आहे. हा आक्षेप दिसावयास जहाल असला तरी मुळात प्रतिगामी आहे. कामगाराला केवळ भाकरी पुरे, बाकी सारे शहाण्यांसाठी, असेच गिरणीमालकही म्हणत असत. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा पोटाचा प्रश्न सुटला होता काय? तरीही तो एक दिवस मागितला गेला, कारण माणूस केवळ खाण्यासाठी जगत नाही. ‘आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे’ या मागणीसाठी १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी रक्त सांडले. त्यांतील शेवटचे आठ तास कशासाठी होते याचा चळवळीलाच विसर पडला, तर दोष कोणाला द्यावयाचा?

युरोपातील समाजवाद्यांना हा विसर पडला नव्हता. जर्मनीत १८९६ साली कामगारांनी स्वतःची सायकलस्वार संघटना उभारली आणि तिला नाव दिले ‘एकजूट’. १९२५ साली फ्रँकफुर्टला, १९३१ साली व्हिएन्नाला आणि १९३७ साली अँटवर्पला कामगारांची ऑलिंपिके भरली. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑं ब्लुम यांच्या जनता आघाडीच्या सरकारने आठवड्याला ४० तास काम आणि वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा हे दोन कायदे केले. त्याच मंत्रिमंडळात लिओ लाग्रांज यांच्याकडे क्रीडा आणि फुरसत यांचे खाते सोपविले गेले, आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला, कित्येकांनी सायकलीवर जाऊन. आपल्या गिरणगावाचा अनुभव काही वेगळा नाही. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार चाळीच्या मागे मातीत कबड्डी खेळत असे, व्यायामशाळेत जोर काढीत असे, भजनीमंडळात बसत असे. ते सारे उभे होते ते ठरावीक तासांच्या पाळीवर आणि घर-गिरणी यांच्या चालत जाण्याजोग्या अंतरावर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार विरार-बदलापूरपलीकडे फेकला गेला, आणि त्याच्या मुलाची संध्याकाळ लोकलच्या डब्यात उभ्याने संपू लागली.

भारतीय राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह-वेतनाबरोबरच फुरसतीचा पुरेपूर उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी कामगारांना मिळवून देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातलेले आहे. घटनाकारांनी वेतन आणि फुरसत एकाच वाक्यात का ठेवली? वेतनाशिवाय फुरसत म्हणजे बेकारी आणि फुरसतीशिवाय वेतन म्हणजे वेठबिगारी, हे ते जाणत होते म्हणूनच. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत उत्पादकता इतकी वाढेल की नातवंडांना आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ती शंभरी भरत आली. उत्पादकता वाढावयाची ती वाढली. यंत्राने वाचविलेले तास मात्र कामगाराच्या घरी आले नाहीत, ते नफ्याच्या रूपाने दुसऱ्याच्या घरी गेले. तेव्हा तास कमी केले तर उत्पादन बुडेल, अशी भीती घालणाऱ्यांना एवढेच विचारावयाचे की, वाढलेले उत्पादन आजवर कोणाच्या घरात तरंगत होते?

मागणी काय?

केवळ उपरोधाने प्रश्न सुटत नसतो. कामगार संघटनांनी आणि समाजवादी पक्षांनी वेळेचा प्रश्न वेतनाच्या प्रश्नाइतकाच अग्रभागी आणला पाहिजे. बारा तासांच्या दिवसाची परवानगी मागे घ्यावी, आणि वेतनात कपात न करता आठवडा टप्प्याटप्प्याने ४० तासांवर आणावा. कामाचे तास संपल्यानंतर आलेल्या दूरध्वनीला उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हावा. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून लागू आहे आणि खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशा आशयाचे खाजगी विधेयक मांडलेही होते. घरेलू कामगार आणि वस्तू पोहोचविणारे ‘भागीदार’ यांच्या कामाच्या दिवसाला मर्यादा घालावी. दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेने महात्मा गांधींच्या नावाचा तलाव चालविला, तसे सार्वजनिक तलाव, मैदाने आणि सायकलीचे सुरक्षित रस्ते वसई-विरारला, भिवंडीला, इचलकरंजीला, बीडला का असू नयेत, हा प्रश्न प्रत्येक नगरपालिकेच्या निवडणुकीत विचारला जावा. आणि सरकारकडे कोणतीही मागणी करण्याआधी प्रत्येक पुरुष कार्यकर्त्याने त्या २८९ आणि ८८ मिनिटांच्या आकड्यांकडे पाहून स्वतःच्या घरापासून वाटणीला सुरुवात करावी. पत्नीच्या तासांवर उभी राहिलेली क्रांती साहेबांच्या शर्यतीपेक्षा वरच्या दर्जाची ठरत नाही.

त्रिविध शर्यत पुरी करण्यास सतरा तासांची मुदत असते आणि ती संपल्यावर स्पर्धक घरी जाऊन झोपू शकतो. ज्यांची शर्यत रोजची आहे, जिला मुदत नाही आणि जिच्या शेवटी पदक नाही, त्यांना शिस्तीचे धडे नको आहेत. त्यांना त्यांचे तास परत हवे आहेत. ते परत मिळाल्यावर कोणी पोहेल, कोणी धावेल, कोणी वाचेल, कोणी नुसता ओट्यावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारील. त्यांनी त्या तासांचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार ना कंपनीच्या अध्यक्षाला आहे, ना व्याख्यात्याला. तो ज्याचा तास त्याचा आहे, आणि तो मागून मिळत नाही, संघटित होऊन घ्यावा लागतो.